तुझ्या कोंबड्या पाला खाईनात

साखरा
ता. ३ ऑक्टोबर १९७७

कमल हिला पद्माबाईचा जयभीम.

इकडं समदं खुशाल, तिकडली खुशाली कळवावी, असं लिवायची रीत हाय. पण खुशाल न्हाई तर खोटं काहून लिवू? तुझ्या कोंबड्यांनी माझा जीव खाल्ला. जीव खाल्ला, पण पाला खाईनात. तीन महिने झाले, तू जवळा बाजारला भावाच्या घरी जाऊन बसली आन ह्या चार महाराण्या माझ्या गळ्यात टाकून गेली. ह्या कोंबड्या म्हणाव्या का पावण्या? पावणे तरी चार दिसानं आपल्या घरी जातात.

माझा कागद बघून घाबरू नको, कुणी मेलं न्हाई. ज्याला जायचं ते माणूस जेठातच गेलं. त्याच्या मागं आपण दोघी राहिलो, आन आता घरात मी एकली आन कोंबड्या. शाळा मी दुसरीपर्यंत शिकले, तीबी अर्धी. म्हणून काना मात्रा चुकला तर हसू नको. अक्षर वाकडं हाय ते शाळेमुळं न्हाई, बोटांमुळं हाय. कोणत्या बोटांमुळं ते तुला ठाऊक हाय.

आता गाऱ्हाणं ऐक.

तू गेल्यावर म्या त्यांना जवारीच घातली. हायब्रीड जवारी माणसं खातात, मंग कोंबडीला काय झालं? महिनाभर बरं चाललं. मंग अंड्याचं बलक पांढरंफटक पडलं. मंग त्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. तुझी ती ठकी, तिची पाठ अशी उघडी पडली की बघवंना. सायबीण तर उपटलेलं पीस तोंडात धरून मिरवायची. मला वाटलं, खरूज झाली. राख चोळली. राख चोळून घ्यायला तेवढ्या शहाण्या, उभ्या राहिल्या मुकाट.

मंग एक दिवस ठकीला टोपल्यात घातलं, वरून फडकं बांधलं आन यष्टीनं सेनगावला ढोराच्या दवाखान्यात नेलं. कंडक्टर म्हणतो, "मावशी, कोंबडीचं तिकीट?" म्या म्हणलं, "ती मांडीवर बसली हाय. मांडीवरच्या लेकराचं घेतो का तिकीट?" समदी गाडी हसली. तुझ्या कोंबडीपायी गाडीभर माणसांत माझी शोभा.

दवाखान्यातल्या माणसानं ठकीला उलटंपालटं केलं आन म्हणला, "बाई, हिला हिरवं काही देता का?" म्या म्हणलं, "कोंबडीला भाजीपाला? माणसाला मिळाला तर पुष्कळ." तो म्हणला, "दाण्यानं पोट भरतं, पण हिरवं न्हाई मिळालं तर ह्या अशाच एकमेकींला खात बसतील. पाला द्या, काकडी द्या, भोपळा द्या."

तवा मला आठवलं. तू तांदुळजा निवडायचीस, तर एक मूठ बाजूला काढून बारीक चिरायचीस. मी आपल्या घरातल्या मधल्या कुडाच्या पलीकडून वरडायची, "कोंबड्यांचं लगीन हाय का गं घरात?" तू काही बोलायची न्हाईस. तू कवाच काही बोलायची न्हाईस, हीच तर तुझी खोड. चार शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं.

बरं. पाला द्यायचा तर दिला. बांधावरून अंबाडी आणली, जुडीच्या जुडी पुढं टाकली. त्या अशा पळाल्या की जणू साप टाकला. बिजली तर खुराड्यावर चढून बसली, उतरंना. दुसऱ्या दिवशी चिरून टाकला. तुडवला, त्यावर हागल्या, पण खाल्ला न्हाई. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या कण्यात कालवला. तर ह्या बयांनी एकेक कणी येचून येचून घेतली आन पाला असा धुऊन ठेवल्यावानी सोडला. एवढं निवडणं मला सोताला येत न्हाई. घोळ दिली, पाथरी दिली, काकडी चिरून दिली, ताक शिंपडून दिलं. ताक पिलं. काकडीकडं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं आन मला बघितलं. त्या बघण्याचा मला लई राग आला.

मंग म्या म्हणलं, आता उपाशीच ठेवते. सकाळपासून दाणा बंद, पुढं नुसता पाला. दुपार झाली. तिघी पांढऱ्या कोंबड्या भिंतीकडं तोंड करून, पिसं फुगवून बसल्या. पाल्याकडं बघंनात. माझी सबुरी तुला ठाऊकच हाय किती हाय. म्या पाल्याची पाटी त्यांच्या पुढ्यात आदळली आन वरडले, "खायचं तर खा, न्हाई तर मरा उपाशी!"

आन तिथंच हात थांबला. ह्याच घरात, ह्याच तोंडानं हे म्या आधी बोलले व्हते. कुणाला, ते राहू दे. पुढचं ऐक.

तांड्यावरली सोजराबाई जळणाची मोळी घेऊन आली. तिनं खुराड्यात वाकून बघितलं आन इचारलं, "पद्मी कुठं हाय?"

म्या म्हणलं, "आंधळी झाली का? तुझ्यापुढं उभी न्हाई का मी? आन पद्मी काय म्हणती? पद्माबाई म्हण."

तर ती मोळी टाकून खाली बसली आन हसू लागली. पदर तोंडात घातला तरी हसू थांबंना. "तुमी न्हाई वो बाई, ती लाल कोंबडी! कमलनं तिचं नाव पद्मी ठेवलंय, ठाऊक न्हाई का तुमाला?"

मला काय ठाऊक! सायबीण, बिजली, ठकी, ही तीन नावं तू हाका मारायचीस तवा ऐकली व्हती. लाल गावरानीला तू माझ्यासमोर कवा हाक मारली न्हाईस. आता समजलं काहून. ती सारखी कलकल करती, समद्यांना चोच मारती, ताटात आधी पाय देती, म्हणून माझं नाव दिलं काय गं? लई गुणाची दिसतीस वरून.

म्या सोजराबाईला म्हणलं, "तिला म्या येगळं टोपल्याखाली डालून ठेवलंय त्या कोपऱ्यात. ती ह्या तिघींना खाऊ देत न्हाई, टोचती. येगळ्या असल्या म्हणजे भांडण न्हाई."

सोजराबाईचं हसू थांबलं. ती म्हणली, "उलटं केलं बाई तुमी. कमल म्हणायची, पद्मी टोचती खरं, पण तिच्याबिगर ह्या बाकीच्या काही नवं खात न्हाईत. तिनं आधी खाल्लं की मंग ह्या खातात. आन म्हणायची, वरडती लई, पण मनानं वाईट न्हाई."

हे कोंबडीबद्दल म्हणायचीस का माझ्याबद्दल, ते म्या सोजराबाईला इचारलं न्हाई. तुलाबी इचारत न्हाई.

सोजराबाईनं तांदुळज्याची जुडी सुतळीनं बांधली आन खुराड्याच्या मेढीला अशी लोंबत ठेवली की कोंबडीच्या चोचीला येईल, पायाखाली येणार न्हाई. मंग म्या डालं उचललं. पद्मी बाहीर आली. आधी सायबिणीला एक टोच हाणला, खरं सांगते, मला बरं वाटलं. मंग जुडीकडं गेली. एक पान ओढलं. जुडी हालली, तशी अजून एक ओढलं. आन मंग, कमल, ती खाता खाता अशी बारीक कुक कुक करू लागली, जशी पिलांची माय करती तशी. तिला पिलं न्हाईत, तुला ठाऊक हाय. तरी करू लागली.

पयली ठकी आली. उघड्या पाठीची, भीत भीत. पद्मीच्या बगलेत उभी राहिली, तिनं ओढलेल्या पानाचंच दुसरं टोक धरलं. पद्मीनं टोचलं न्हाई. मंग बिजली आली. सायबीण लई वेळ मान वाकडी करून उभी व्हती, मंग तीबी आली. सोजराबाई मोळीवर बसून राहिली, मी उंबऱ्यावर बसून राहिले. जुडीची नुसती सुतळी उरली.

हे झालं त्याला आज पंधरा दिवस. आता तांदुळजा खातात, घोळ खातात, दोडक्याच्या शिरा खातात, भोपळ्याच्या बिया तर भांडून खातात. ठकीच्या पाठीवर नवी पिसं फुटली, अजून काट्यावानी हायेत. बलक कसं हळदीवानी झालं. म्हणजे गाऱ्हाणं मिटलं. मंग हा कागद काहून लिवून राहिली, असं तू म्हणशील.

त्या दिवशी उंबऱ्यावर बसले तवा मला दुष्काळातली गोष्ट आठवली. ती तुला ठाऊक हाय, पण माझ्या तोंडून तू कवा ऐकली न्हाईस. म्हणून लिवते. मधी थांबवू नको.

बहात्तर साली सडकेच्या कामावर मी खडी फोडीत व्हते आन घण माझ्याच हातावर बसला. उजव्या हाताची तीन बोटं चेंदली. दोन महिने हात फडक्यात. आपला मालक म्हणला, कमल तुला जेवू घालंल. म्या म्हणलं, मी सवतीच्या हातचं खाणार न्हाई. गावातल्या बायांनी माझ्या मनात भरवलं व्हतं, सवत हाय, एका दिवशी काहीतरी कालवंल आन तुला वाटंला लावंल. चार वर्षं झाली व्हती तुला येऊन. मालकानं मधी कूड घातला, दोन चुली केल्या, तुझ्या चुलीवरचं म्या कवा चाखलं न्हाई, माझ्या चुलीवरचं तुला दिलं न्हाई. दोघींच्या वट्या रिकाम्या राहिल्या तवा गावाला समजलं खोट कुणात व्हती, पण तोवर चुली दोन झाल्या व्हत्या.

दोन दिवस मी डाव्या हातानं भाकर खायाचा खेळ केला. तिसऱ्या दिवशी कामावरून येऊन तू माझ्या पुढं बसली. दिवसभर खडी फोडून तुझे हात सोलले व्हते, तुझ्या वाट्याची आन माझ्या वाट्याची बी. ताटात सुकडीचा गोळा व्हता आन अंबाडीची भाजी. म्या तोंड फिरवलं. तू मागं सरली न्हाईस. गोळ्यातून एक घास मोडला, भाजीला लावला आन माझ्यासमोर सोताच्या तोंडात घातला. चावला. गिळला. माझ्याकडं बघितलं. मंग दुसरा घास माझ्या तोंडापुढं धरला.

दोन महिने, कमल. दर जेवणाला पयला घास तू खायाचीस, मंग मला भरवायचीस. तुला समजलं व्हतं की मला जहराचं भ्यांव वाटतं. तू ते कुणाला सांगितलं न्हाईस, मालकालाबी न्हाई. त्यानं इचारलं, "आधी तू काहून खाती?" तर तू म्हणलीस, "मीठ बराबर हाय का बघते." मी ऐकलं व्हतं ते. मला तवाच मरून जावं वाटलं. पण म्या काय केलं? हात बरा झाल्या दिवशी कुडाच्या माझ्या बाजूला येऊन बसले आन चूल पेटवली. एक चांगला शब्द न्हाई. पाच सालात न्हाई.

तो शब्द आज लिवते. ती बोटं आज कागदावर चालतात ती तुझ्यामुळं. तू जगवलं मला. तुझं लई उपकार हायेत माझ्यावर. घे, लिवलं एकदाचं. लिवायला सोपं न्हाई, घाम आला.

आता ते मघाशी राहू दिलेलं.

मालक गेला त्यानंतर तू जेवत नव्हतीस. मी बघत व्हते. कुडाच्या फटीतून दिसायचं, ताट तसंच. मला वाटलं, आज खाईल, उद्या खाईल. जलदानविधीच्या सांजेला समदे पावणे गेले. म्या माझ्या चुलीवरची भाकर आन पिठलं ताटात घातलं आन पयल्यांदा कुडाच्या तुझ्या बाजूला आले. तुला वाटलं असंल, भांडायला आली. मला तुला जेव म्हणायचं व्हतं. तू मान खाली घालून बसलीस. एक डाव म्हणलं, दुसऱ्यांदा म्हणलं. तू ताटाकडं बघंना. मंग माझं डोस्कं फिरलं. ताट आदळलं आन म्हणले, "खायचं तर खा, न्हाई तर मर उपाशी. ज्याच्यापायी आलीस तो गेला. आता तुझं हितं काय हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलीस. कोंबड्यांना दाणा टाकून गेलीस.

ते ताट आदळायच्या आधी म्या खाली बसायला पायजे व्हतं. घास मोडायला पायजे व्हता, तुझ्यासमोर आधी सोता खायाला पायजे व्हता. एवढंच. तुझ्याकडून दोन महिने शिकले आन येळेवर इसरले. कोंबडीला जमलं, मला न्हाई जमलं. तिला माझं नाव उगीच दिलंस.

गेल्या रविवारी तुझा भाऊ शेषराव आला व्हता. तुझी पेटी आन कोंबड्या न्यायला आलो म्हणला. पेटीची किल्ली सापडत न्हाई, असं म्या सांगितलं. किल्ली माझ्या कमरेला व्हती. कोंबड्या मुंगसानं नेल्या, असं सांगितलं. कोंबड्या सोजराबाईच्या घरी डालल्या व्हत्या, सकाळीच नेऊन ठेवल्या, तो येतोय हे कळल्यावर. आता तू म्हणशील, वर तर गाऱ्हाणं लिवलं की कोंबड्या गळ्यात पडल्या. व्हय, लिवलं. फाडून नवा कागद घ्यायची माझी तयारी न्हाई.

शेषरावानं चा पिता पिता सांगितलं, पुसेगावचा एक माणूस बघितलाय, बायको वारलेली, तीन लेकरं. दिवाळीच्या आत पाट लावून देतो. म्या इचारलं, "कमल काय म्हणती?" तो म्हणला, "ती व्हय म्हणत न्हाई आन न्हाई म्हणत न्हाई. खात न्हाई बराबर. वाळून चालली."

तो गेला आन मी वही शोधू लागले.

तर आता नीट ऐक, मला गोड बोलता येत न्हाई. तुला पाट लावायचा असंल, तुझ्या मनानं, तर लाव. तू बत्तीस वर्षांची हायेस, कुणी नाव ठेवणार न्हाई, ठेवलं तर माझ्याकडं पाठव. मी सोता येईन, तुला लुगडं नेसवीन आन पेटी सोता उचलून आणीन. पण जायला दुसरी जागा न्हाई म्हणून तू गप बसली असशील, तर ते खोटं हाय. जागा हाय. ह्या घरात मालक गेल्यावर तुझं काय हाय, असं म्या इचारलं व्हतं. त्याचा जबाब मीच देते. मी हाय. आन चार कोंबड्या हायेत, त्यातली एक लई तोंडाळ हाय.

मधला कूड म्या काल पाडला. जळणाला झाला. चूलबी एकच ठेवली. माझी मोडली, तुझी ठेवली, कारण तुझी चूल धूर कमी करती. नऊ सालात हे म्या कवा कबूल केलं न्हाई, पण खरं हाय.

तू नवी आलीस त्या दिवशी मला अक्का म्हणली व्हतीस. मी म्हणले, मी कुणाची अक्का न्हाई. त्या दिवसापासून तू पद्माबाई म्हणू लागलीस. त्याचं मला तवा बरं वाटलं व्हतं. आता वाटत न्हाई.

यायचं तर मधी कुणाला इचारत बसू नको. घरी ये, हात धू, खाली बस. पयला घास मी खाईन.

तुझी अक्का
पद्माबाई

जबाब दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या हातात पायजे. व्हय का न्हाई, एकच अक्षर लिव, मला वाचता येतं. न्हाई आला तर दसऱ्याच्या दिवशी पद्मीला टोपल्यात घालून मीच जवळा बाजारला येते. मंग कंडक्टरशी तू भांड.